‘बॉइज डोन्ट क्राय’ : एका गावाने घेतलेली उलटतपासणी

धागाकर्ता : नवी पेठ

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यातले मका आणि गुराढोरांचे राज्य. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात रिचर्डसन काउंटीमध्ये, म्हणजे जिल्ह्यात, फॉल्स सिटी नावाचे गाव आहे. नावात सिटी असली तरी वस्ती पाच हजारांच्या आतली. १९९३ च्या अखेरीस लिंकन शहरातून विशीतला एक तरुण तिथे आला. त्याचे नाव ब्रँडन टीना. जन्मनोंदीत तो मुलगी होता. स्वतःच्या लेखी आणि काही आठवडे गावाच्याही लेखी तो मुलगा होता. गावातल्या टोळक्यात तो रमला आणि तिथल्याच लाना नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. पुढे खोट्या धनादेशांच्या प्रकरणात अटक झाल्यावर त्याची नोंदणीतली ओळख सर्वांसमोर आली. २४ डिसेंबरच्या रात्री ज्या दोघांबरोबर तो उठत-बसत होता, त्यांनीच त्याला विवस्त्र करून ‘खात्री’ करून घेतली आणि गाडीत घालून नेऊन बलात्कार केला. त्याने तक्रार दिली. ३१ डिसेंबरला त्याच दोघांनी हम्बोल्टजवळच्या एका घरात शिरून त्याचा आणि आणखी दोघांचा खून केला.

या घटनेवर किंबर्ली पीअर्स या दिग्दर्शिकेने १९९९ मध्ये ‘बॉइज डोन्ट क्राय’ हा चित्रपट केला. ब्रँडनच्या भूमिकेसाठी हिलरी स्वँकला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले आणि लानाच्या भूमिकेसाठी क्लोई सेव्हिनीला नामांकन मिळाले. मी तो पुन्हा पाहिला आणि त्याविषयी इथे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण या चित्रपटाचे परीक्षण लिहिणारे बहुतेक जण खुनाच्या प्रसंगापाशी थांबतात. माझ्या मते चित्रपटाचा कणा त्याच्या आधीच येऊन जातो, तो तक्रार नोंदवण्याच्या प्रसंगात.

बलात्कारानंतर ब्रँडन शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात बसलेला आहे. चेहरा सुजलेला आहे. शेरिफ त्याला जे विचारतो त्यातले थोडेच गुन्ह्याविषयी आहे. बाकी सारे प्रश्न ब्रँडन कोण आहे, त्याच्या शरीरात काय आहे, तो मुलींबरोबर का फिरतो आणि मुलांचे कपडे का घालतो याविषयी आहेत. पीअर्सने या जबानीत अत्याचाराची दृश्ये मध्ये मध्ये जोडली आहेत, त्यामुळे गाडीत जे घडले आणि खोलीत जे घडते आहे त्यांतली सीमा प्रेक्षकाला पुसट होत जाताना दिसते. ही जबानी कल्पनेतली नाही. मूळ चौकशीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि ते ‘द ब्रँडन टीना स्टोरी’ या १९९८ च्या माहितीपटात ऐकता येते. ते ऐकल्यावर चित्रपटातला शेरिफ पटकथेने सौम्यच केला आहे असे वाटू लागते.

माझा मुद्दा असा की, हा चित्रपट दोन माथेफिरूंची गोष्ट नाही. त्या दोघांनी जे मुठीने विचारले तेच शेरिफने टेबलामागे बसून विचारले, वर्तमानपत्राने अटकेच्या बातमीत नोंदणीतले नाव छापून विचारले आणि लानाच्या आईने दिवाणखान्यात विचारले. ‘तू नक्की कोण?’ हा एकच प्रश्न प्रत्येकाने आपापल्या हत्याराने विचारला आहे, आणि ब्रँडन स्वतः देत असलेले उत्तर मात्र कुणालाच उत्तर वाटत नाही. आपण सोलापूरकरांनी हे परदेशातले प्रकरण म्हणून पाहू नये. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या घरात असलेले आपले शहर आजही भाडेकरूला ‘मूळचे कुठले, कुणाचे?’ असे विचारल्याशिवाय किल्ली देत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलली जाते याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण प्रत्येक माणसाचा खण ठरलेला असावा हा आग्रह या चारही भाषांत सारखाच आहे.

आमच्या चित्रपट मंडळात हा चित्रपट दाखवावा की नाही यावर मतभेद आहेत. आपली मते वाचायला आवडतील. चित्रपटातील अत्याचाराचे दृश्य अतिशय कठोर आहे, याची नोंद घेऊनच पाहावा.

---

हातमाग

लेख आवडला, पण आग्रह पटला नाही. आपल्याकडे ‘जोगवा’ असताना नेब्रास्कापर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? राजीव पाटील यांचा २००९ चा तो चित्रपट आपल्या मातीतला आहे. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे, आणि यल्लम्माच्या नावाने लुगडे नेसायला लावलेला तायप्पा उपेंद्र लिमये यांनी असा उभा केला आहे की त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सौंदत्तीला जाणाऱ्या जोगत्यांचे मेळे सोलापूरकरांना नवे नाहीत. हा विषय आपल्या प्रेक्षकाला डोक्यावर पदर आणि कपाळावर भंडारा असेल तरच पोहोचतो. मक्याच्या शेतातून पोहोचत नाही. शिवाय लोक ‘तिकडे असले प्रकार चालतात’ असे म्हणून हात झटकतील, आणि मग आपलाच मुद्दा बुडेल.

---

नवी पेठ

@हातमाग, ‘जोगवा’ मोठाच चित्रपट आहे, पण त्यात गोष्ट उलट्या दिशेने चालते. तायप्पा स्वतःला पुरुष समजतो आणि गाव त्याच्या अंगावर लुगडे चढवते. ब्रँडन स्वतःला पुरुष समजतो आणि गाव त्याच्या अंगावरचे कपडे उतरवते. दोन्हीकडे त्या माणसाचे स्वतःविषयीचे म्हणणे कवडीमोल ठरते, हे साम्य खरे. फरक असा की तायप्पाला लुगडे नेसवल्यावर गावात एक जागा मिळते. ती हीन आहे आणि लादलेली आहे, पण तिला परडी आहे, चौंडके आहे, वार आहे, दारात वाढला जाणारा जोगवा आहे. ब्रँडनला अशी कोणतीच जागा नाही. आपल्याकडेही जन्माने मुलगी असलेला आणि मी मुलगा आहे असे म्हणणारा कुणी असेल, तर त्याच्यासाठी कोणता मेळा आहे, कोणती देवी आहे, कोणती टाळी आहे? देवाच्या किंवा परंपरेच्या नावाने आलेले वेगळेपण आपण घाबरत का होईना चालवून घेतो. एकट्या माणसाने आपल्या जबाबदारीवर सांगितलेले वेगळेपण आपल्याला खोटेपणा वाटतो. ही उणीव ‘जोगवा’ दाखवू शकत नाही, कारण त्याचा विषयच वेगळा आहे. म्हणून मला हा दुसरा चित्रपट हवा आहे.

---

भीमाकाठ

वाचक म्हणून बरीच वर्षे इथे आहे, लिहितो क्वचित. धागाकर्त्याने ज्याच्याविषयी ‘असा कुणी असेल तर’ असे लिहिले आहे, तो मी आहे. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावचा आहे आणि सध्या पुण्यात नोकरी करतो.

जागेविषयीचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्याला दुसरी बाजू आहे. आमच्यासारख्यांना जागा नाही, याचा अर्थ काही वर्षे आम्ही कुणाच्या नजरेतही येत नाही. पँट-शर्ट घालणाऱ्या, केस कापलेल्या, सायकल दामटणाऱ्या मुलीचे गावाला कौतुकच असते. ‘मुलासारखी आहे हो तुमची पोरगी’ हे वाक्य माझ्या अप्पांनी अभिमानाने ऐकून घेतले आहे. ते कौतुक स्थळे येऊ लागेपर्यंत टिकते. त्यानंतर त्याच गोष्टी दोष ठरतात, आणि लग्न लावून दिले की सारे ठिकाणावर येईल असे मावशीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे एका सुरात सांगतात. आमच्या वाट्याचा हिंसाचार बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही. तो घरात होतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

जबानीच्या प्रसंगाविषयी लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मला मात्र वेगळाच एक प्रसंग पाहून उठावेसे वाटले होते. स्नानगृहात त्या दोघांनी ब्रँडनला धरून ठेवले आहे, कपडे खाली ओढले आहेत, दाराशी माणसे उभी आहेत. त्या माणसांच्या मागे, प्रकाशात, पूर्ण कपड्यांतला ब्रँडन उभा असलेला दिसतो आणि स्वतःकडे पाहतो. कुणी अंगावर नजर रोखून खात्री करून घेऊ लागले की नेमके असेच होते. आपण तिथून बाजूला जाऊन उभे राहतो.

काही वर्षांपूर्वी एका बँकेत खाते उघडायला गेलो होतो. आधार कार्डावर वेणीतला फोटो होता, अर्जावर नवे नाव होते, सोबत राजपत्रातली नावबदलाची प्रत होती. कागद पुरे होते. खिडकीतल्या बाईंनी आधी फोटो पाहिला, मग मला पाहिले, मग कार्ड शेजारच्या टेबलावर दिले. तिथून ते मागच्या केबिनमध्ये गेले. केबिनमधून एक जण मुद्दाम पाणी प्यायला बाहेर आला आणि ग्लास हातात धरून मला न्याहाळत उभा राहिला. कुणी एक शब्द वावगा बोलले नाही. शेवटी बाईंनी अगदी मायेने विचारले, “घरी माहीत आहे का?” खाते उघडायला घरी माहीत असावे लागते असा कोणताही नियम नाही.

चित्रपट दाखवावा. पण चर्चेला आमच्यापैकी कुणाला ‘अनुभव सांगायला’ म्हणून समोर बसवू नये. तीही एक जबानीच होते.

---

निवृत्त हवालदार

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. चित्रपट मुलीने लावून दिला, पूर्ण पाहिला. शेरिफच्या प्रसंगावर सगळ्यांनी लिहिले आहे, परंतु त्याच्या वागण्यातली खात्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट इथे कुणी नोंदवली नाही. प्रश्न असभ्य होते हे खरेच. पण तक्रार आल्यावर आणि वैद्यकीय तपासणी झाल्यावर त्याने संशयितांना चौकशीला बोलावले आणि मोकळे सोडले. म्हणजे आपल्याविरुद्ध तक्रार झाली आहे हे त्यांना कळले आणि तक्रारदाराला संरक्षण काहीच मिळाले नाही. फिर्याद देणाऱ्याचे नाव आरोपीच्या कानावर घालून आरोपीला घरी पाठवणे म्हणजे काय, हे कोणत्याही ठाण्यातला नवा शिपाईसुद्धा जाणतो. हा निव्वळ अज्ञानाचा भाग नाही. तक्रारदार खोटारडा आहे असे मनात एकदा ठरले की पुढची सगळी कारवाई सुस्त होते. आमच्याकडे गरिबांच्या, बायकांच्या आणि तृतीयपंथीयांच्या तक्रारींबाबत हे होताना मी पाहिले आहे, आणि काही वेळा गप्पही बसलो आहे.

---

कोर्टकचेरी

@निवृत्त हवालदार यांनी जो मुद्दा मांडला त्यावरच पुढे खटला झाला. ब्रँडनच्या आईने काउंटी आणि शेरिफविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा केला होता. खालच्या न्यायालयाने शेरिफचा निष्काळजीपणा मान्य केला, परंतु भरपाईची रक्कम ठरवताना दोषाची वाटणी केली. ८५ टक्के दोष खून करणाऱ्यांचा म्हणून वजा केला आणि १ टक्का दोष खुद्द ब्रँडनचा म्हणून वजा केला. २००१ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वजावट रद्द केली आणि रक्कम सुमारे ९८ हजार डॉलरपर्यंत वाढवली. तक्रार घेताना शेरिफने केलेले वर्तन सभ्यतेच्या साऱ्या मर्यादा ओलांडणारे होते असाही निष्कर्ष काढला. चित्रपट आला तेव्हा हा निकाल लागायचा होता, त्यामुळे तो चित्रपटात नाही. मला त्या एक टक्क्याचा फार राग येतो. बाकी आकड्यांमागे निदान कायद्याचा काही युक्तिवाद आहे. त्या एका टक्क्यामागे ‘काहीतरी त्याचेही चुकले असेलच’ ही चावडीवरची समजूत आहे.

आपल्याकडची स्थितीही सांगतो, म्हणजे अमेरिकेकडे बोट दाखवणे सोपे जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि त्यात पुरुष, स्त्री वा तृतीयपंथी अशी ओळख सांगण्याची मुभा दिली. २०१९ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ओळखपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची पद्धत आणली. त्याच कायद्यात पारलिंगी व्यक्तीवरील, म्हणजे जन्मनोंदीहून वेगळी लिंगओळख असलेल्या व्यक्तीवरील, लैंगिक अत्याचारासाठी सहा महिने ते दोन वर्षे अशी शिक्षा ठेवली. त्या वेळी दंडसंहितेत स्त्रीवरील बलात्काराला किमान शिक्षाच दहा वर्षांची होती. जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच राहिली आणि अनैसर्गिक संभोगाविषयीच्या जुन्या कलम ३७७ सारखे दुसरे कलमही उरले नाही. म्हणजे ब्रँडनसारखा कुणी आपल्याकडे ठाण्यात गेला, तर फिर्याद कोणत्या कलमाखाली लिहायची हे ठरवण्यासाठी ठाणे अंमलदाराला आधी त्याचे लिंग ठरवावे लागेल. शेरिफचा प्रश्न त्या टेबलावर कायद्यानेच येऊन बसतो.

---

माळशिरसकर

सगळे इतके निराश का? आमच्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. राज्यभर बातम्या झाल्या. मते देणारे सगळे गावचेच होते, बाहेरून कुणी आले नव्हते. गावाला नुसते पूर्वग्रहाचे कोठार म्हणणे हाही शहरी माणसाचा पूर्वग्रह आहे.

दुसरे असे की मराठी प्रेक्षक या बाबतीत इतका कोता कधीच नव्हता. बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची तऱ्हा घराघरांतल्या बायकांनी उचलली होती. आणि आपल्या सोलापुरात नाटकाची सुरुवात केलेल्या अतुल कुलकर्णी यांनी ‘नटरंग’मध्ये नाच्या साकारला तेव्हा राज्यभरातल्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरली.

---

नवी पेठ

@माळशिरसकर, तरंगफळचे उदाहरण आणलेत हे फार बरे झाले, आणि गावाविषयीचा आक्षेपही मान्य आहे. फॉल्स सिटीतही ब्रँडनला आसरा देणारी माणसे होतीच. ज्या घरात त्याचा खून झाला ते घर त्याला आसरा देणाऱ्या एका तरुण आईचे होते आणि तीही त्याच्याबरोबर मारली गेली. पूर्वग्रह हा सबंध गावाचा स्वभाव नसतो. मात्र तो गावातल्या ज्या थोड्यांच्या हातात कागद, किल्ली किंवा काठी असते त्यांच्यात असला तरी पुरतो.

‘नटरंग’विषयी मात्र सांगावेसे वाटते की, तो चित्रपट तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. मंचावरच्या गुणा या नायकाला टाळ्या मिळतात आणि मंचाखाली त्याच्यावर अत्याचार होतो, घरचे त्याला दाराबाहेर ठेवतात. गुणा पुरुषच आहे, बायकोमुलांचा धनी आहे, तो फक्त कलेसाठी नाच्या झाला आहे. तरी त्याला एवढे भोगावे लागते. जो मंचाखालीही तोच राहू इच्छितो त्याचे काय होईल?

---

प्रेक्षक दुसरा

एक आक्षेप थोडक्यात. ही भूमिका स्त्रीने करावी का? हिलरी स्वँकने महिनाभर पुरुष म्हणून वावरून तयारी केली, मानधन अवघे तीन हजार डॉलर घेतले, सगळे कबूल. पण ऑस्करच्या मंचावर ती तलम झग्यात आली आणि लोक म्हणाले, बघा, खरे तर ही किती सुंदर बाई आहे. त्या क्षणी ब्रँडन पुन्हा ‘वेष घेतलेली मुलगी’ झाला.

---

भीमाकाठ

@प्रेक्षक दुसरा, आक्षेप रास्त आहे. आज हा चित्रपट झाला तर ती भूमिका पारलिंगी पुरुषानेच करावी असे मीही म्हणेन. तरीही १९९९ मध्ये पडद्यावर आपल्यासारखा कुणी प्रेम करताना, हसताना, गाडी चालवताना दिसणे याची किंमत आमच्या पिढीला विचारा. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग आनंदाचा आहे, हे या धाग्यावर अजून कुणी लिहिले नाही. ब्रँडन आरशासमोर टोपी सारखी करतो आणि स्वतःवर खूष होऊन हसतो. ते हसू मी कितीदा तरी मागे नेऊन पाहिले आहे. अमेरिकेतल्या चित्रपट उद्योगाच्या मानांकन मंडळाने श्रेणी देताना लानाच्या सुखाचे दृश्य लांबते म्हणून हरकत घेतली होती, खुनाच्या दृश्याला घेतली नव्हती. आमचे मरण सगळ्यांना पाहवते, सुख मात्र मंडळालाही जड गेले.

---

हातमाग

@भीमाकाठ, तुमचे दोन्ही प्रतिसाद वाचले. ‘जोगवा’विषयी माझे मत कायम आहे, पण ‘ब्रँडनऐवजी जोगवा’ असे म्हणणे सोडतो. दोन्ही दाखवावेत, आधी ‘जोगवा’. धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. तुम्ही सत्यघटनेचा इतका आधार घेता, तर चित्रपट घटनेशी कितपत प्रामाणिक आहे?

---

नवी पेठ

@हातमाग, जबानीच्या बाबतीत बराच प्रामाणिक आहे, शेवटच्या वीस मिनिटांत नाही. खुनाच्या वेळी लाना त्या घरात होती असे चित्रपट दाखवतो. प्रत्यक्षात ती तिथे नव्हती. प्रेमकथेला शेवट हवा म्हणून तिला तिथे नेले आहे, आणि तो शेवट मला उसना वाटतो.

दुसरी तडजोड याहून गंभीर आहे. त्या रात्री तिघे मारले गेले. तिसरा फिलिप डिव्हाइन हा कृष्णवर्णीय तरुण होता, त्याचा एक पाय कृत्रिम होता, आणि तो त्या घरात पाहुणा म्हणून उतरला होता. चित्रपटात तो नाहीच. कथानक पसरेल म्हणून वगळला असे समर्थन केले जाते, परंतु ब्रँडनच्या ओळखीचा आदर करावा असे सांगणाऱ्या चित्रपटाने त्याच घरात मेलेल्या दुसऱ्या एका परक्याला यादीतूनच काढावे, हे समर्थन मला आजवर पटलेले नाही. हाच चित्रपट २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. तरी डिव्हाइनची जागा त्यात रिकामीच आहे. माहितीपटात त्याचे नाव आहे आणि त्याच्याविषयी बोलणारी माणसेही आहेत. त्यामुळे चित्रपटाबरोबर त्याचा निदान तेवढा भाग दाखवावा असे मी मंडळाला कळवले आहे, आणि @भीमाकाठ यांची अट त्याच पत्रात पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे.